‘खाऊ नका’ लिहिलेल्या पुड्या

माझ्या सासऱ्यांनी त्या सकाळी बुटांच्या खोक्यातली पुडी फाडून चहात ओतायला घेतली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे. तिच्या मते काही ना काही घडलंच असतं, कारण घरात मी होतो.

सासऱ्यांना मी बाबा म्हणतो. ते आमच्याकडेच राहतात. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, कानाला यंत्र आहे आणि रक्तात साखर आहे. यातली तिसरी गोष्ट त्यांना मान्य नाही. साखर बंद झाल्यापासून घरात पांढरं, बारीक आणि पुडीत बांधलेलं काही चाचपडलं की त्यांचा चेहरा उजळतो. त्या दिवशी माझे नवे बूट आले होते. खोकं टेबलावर उघडं पडलं होतं, आणि बाबांच्या बोटांना पुडी लागली. मी वेळेवर झडप घातली म्हणून बरं. पुडीवर ठसठशीत लिहिलं होतं, ‘सिलिका जेल. खाऊ नका.’

“कुणी हॉटेलातून आणलेली साखर असेल असं वाटलं हो,” बाबा म्हणाले. “एवढी एकच होती.”

आता, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं ती पुडी कचऱ्यात टाकली असती आणि चहा प्यायला असता. पण माझ्या कार्यालयात सुरक्षा सप्ताह महिन्यावर आला होता आणि ‘घरातील छुपे धोके’ या विषयावर भाषण करायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. तोवर मला घरात एकही छुपा धोका सापडला नव्हता. भाषणाची वही कोरी होती. अशा वेळी धोका आपल्या पायांनी चहाच्या टेबलावर चालत आला तर माणसानं काय करावं?

बायको घरात असती तर तिनं मला थांबवलं असतं. ती महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पण ती परीक्षेच्या कामावर परगावी गेली होती, चांगली महिनाभरासाठी. जाताना दाराशी उभी राहून म्हणाली होती, “बाबांच्या ऑपरेशनची तारीख किती खटपटीनं मिळालीये माहीत आहे ना? त्यांची साखर काबूत ठेवा. रोज सकाळी मोजा. दुसरं काही करू नका.” त्यातलं शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

पुडी घेऊन मी आधी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळे हेडमास्तरच म्हणतात आणि कुठलाही प्रश्न त्यांना विचारला की उत्तर मिळतंच, हा त्यांचा गुण आहे. त्यांनी पुडी उजेडात धरली, हलवली, कानाशी नेली.

“काच आहे,” ते म्हणाले. “काचेचा चुरा. आतडी फाटतात.”

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. इमारतीत कुठेही दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली की काकू तिसऱ्या असतात. “माझ्या बहिणीच्या मांजरानं खाल्लं होतं हे,” त्या म्हणाल्या.

“मग?” मी श्वास रोखून विचारलं.

“मग काही नाही. मांजर आहे अजून. पण पहिल्यासारखं राहिलं नाही.”

एवढा पुरावा मला पुरेसा होता. मी रजा टाकली आणि घराची झडती सुरू केली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण आपल्या घरात या पुड्या किती ठिकाणी दबा धरून बसलेल्या असतात याची कल्पना नसते. मेहुण्यानं आमच्याकडे ठेवायला दिलेल्या कॅमेऱ्याच्या पिशवीत दोन सापडल्या. बाबांच्या गोळ्यांच्या प्रत्येक बाटलीत एक पांढरी नळकांडी, आत तेच दाणे. त्यांचं कानाचं यंत्र रात्री ज्या डबीत ठेवायचं, तिच्या तळाशीही दाणेच. म्हणजे कानात घालायची वस्तू रात्रभर विषाच्या गादीवर! बायकोच्या टेबलावर एक मोठी बरणी होती. तिच्यात निळे दाणे गच्च भरलेले आणि त्यात विद्यार्थ्यांनी कुठल्या कुठल्या डोंगरांवरून आणलेली पानं पुरलेली. ती पानं बिचारी सुरकुतली होती. मी ती हळुवारपणे काढली आणि ताटलीत, खिडकीशी, मोकळ्या हवेत मांडली.

शेवटी राहिली साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी. ती वरून साधी दिसत होती. पण झाकण हलवलं की आत खुळखुळ वाजायचं. मी झाकणाच्या आतली पांढरी चकती सुरीनं उचकटली आणि माझा संशय खरा ठरला. बाबांच्या बोटाला रोज टोचायचं आणि त्याच डबीत हे! ती डबी मी बाद केली. पट्ट्या काढून एका छान पत्र्याच्या डबीत ठेवल्या. तिच्या झाकणावर फुलं होती. गोळ्याही बाटल्यांतून काढून काचेच्या सुंदर भांड्यांत भरल्या, प्रत्येकावर माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली. औषधांचं कपाट इतकं देखणं झालं की मी उगाचच दोनदा उघडून पाहिलं.

सगळ्या पुड्या, नळकांड्या, पांढरे-निळे दाणे आणि पट्ट्यांची बाद डबी, हे सगळं मी एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत बंद केलं. वर ‘विष’ असं लिहिलं आणि पेटी माळ्यावर टाकली. हेडमास्तरांनी ही बातमी जिन्यात वाचून दाखवल्यासारखी सगळ्यांना सांगितली, त्यामुळे संध्याकाळपासून लोक आपापल्या पुड्या आणून देऊ लागले. काकूंनी तर पिशवीभर आणल्या. मी पेटी पुन्हा उतरवली, भरली, चढवली. भाषण त्याच रात्री लिहून काढलं. आमच्याकडे हवा बारा महिने दमट असते आणि कागद लोळागोळा होतात, म्हणून तेही त्या पेटीतच सुरक्षित ठेवलं. पुढच्या काळात आमच्या घरात कोरडी राहिलेली एकमेव वस्तू म्हणजे ते भाषण होय.

पहिला दणका कानाच्या यंत्रानं दिला. सकाळी बाबा म्हणाले, “बाहेर पाऊस आहे का हो?” बाहेर लख्ख ऊन होतं. यंत्रात सरसर आवाज येत होता. दोन दिवसांनी तोही बंद झाला. बाबांनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, “असू दे. तसंही तुम्ही काय बोलता ते मला साधारण माहीत असतं.”

आता आमच्या घरातला एक नेम सांगायला हवा. डोळ्यांना दिसेनासं झाल्यापासून बाबांना रोज सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मी वाचून दाखवतो. ते त्यांचं दिवसातलं एकमेव सुख आहे. ऑपरेशनही त्यांना हवंय ते जग बघायला नाही, कोडं स्वतःच्या डोळ्यांनी सोडवायला. माझ्यावर अवलंबून राहणं त्यांना आवडत नाही. मी शब्द तोडून वाचतो अशी त्यांची तक्रार आहे. आता यंत्र बंद पडल्यामुळे मला ओरडून वाचावं लागू लागलं.

“आडवे पाच!” मी ओरडायचो. “पाण्यात राहणारा प्राणी! तीन अक्षरं!”

“कासव!” वरून हेडमास्तर.

“मगर का नाही?” समोरून काकू.

“मगर जमिनीवरपण येते!”

“मग कासव काय पोहतच राहतं?”

बाबांना यातलं काही ऐकू येत नसे, पण माझा चेहरा वर वळलेला त्यांना अंधूक दिसायचा. “कुणी सांगितलं उत्तर?” ते विचारायचे. सांगितलं की मला पेन खाली ठेवायला लावायचे. दुसऱ्यानं सोडवलेलं कोडं ते खालच्या दर्जाचं समजतात.

गोळ्यांची एकमेकींशी दोस्ती झाली होती. भांड्यात बोट घातलं की सगळ्या एकत्र वर यायच्या. मी त्या सुट्या करून उन्हात ठेवल्या. खिडकीतल्या पानांवर पांढरी लव आली होती. मी ती नव्या पालवीची खूण समजलो. वनस्पतिशास्त्रात मला गती नाही.

आणि मग साखर चढली.

सकाळी बोट टोचलं, पट्टी साखर मोजायच्या यंत्रात घातली आणि आकडा पाहून पुन्हा बोट टोचलं. दुसरी पट्टी घातली तर आकडा आणखी वर गेला. मी बाबांकडे पाहिलं. ते शांतपणे बिनसाखरेचा चहा पीत होते. फारच शांतपणे, असं मला त्या वेळी वाटलं.

“बाबा, काही खाल्लंत का?”

“काय?”

“काही खाल्लंत का!”

“बिस्कीट. एक. तुम्हीच दिलंत.”

“साखर! साखर खाल्लीत का!” मी ओरडलो. “चोरून साखर खाल्लीत का!”

समोरची खिडकी उघडली. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं होतं की आमचे बाबा साखर चोरतात. काकूंनी तर आपल्याकडचा साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवल्याचं मला विश्वासात घेऊन सांगितलं, बाबा त्यांच्या घरी कधीही जात नसताना.

मी चौकशी पद्धतशीर केली. उशीखाली पाहिलं, कोटाचे खिसे पाहिले, पुस्तकांच्या मागे पाहिलं. काही सापडलं नाही, त्यामुळे माझा संशय वाढला. सराईत माणूस पुरावा ठेवत नाही. मी साखरेला कुलूप लावलं. बाबांना उकडलेली भाजी आणि उपदेश, एवढ्यावर ठेवलं. तरी आकडा खाली येईना. एक दिवस वर, एक दिवस त्याहून वर. आणि बाबा मात्र वाळत चालले. जिना चढताना कठड्याला धरून थांबायला लागले.

डॉक्टरांकडे का गेला नाहीत, असं तुम्ही विचाराल. बायकोनंही तेच विचारलं. अहो, माझ्याकडे यंत्र होतं ना!

एका सकाळी मी पुन्हा तोच प्रश्न ओरडून विचारल्यावर बाबांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. म्हणाले, “जावईबापू, मी चोर आहे. आजवर पुष्कळ साखर चोरलीये. तुमच्या वाढदिवसाचा केकही मीच कोरला होता, उंदरानं नव्हे. पण या खेपेला मी काही खाल्लेलं नाही. एवढं तरी माझं ऐका.”

मी ऐकलं नाही. मी मान डोलावली, उठलो आणि इस्पितळात फोन लावला. साखर इतकी असताना डोळ्याला सुरी लावणं धोक्याचं असतं, एवढं मला कळत होतं. सुरक्षिततेवर भाषण करणाऱ्या माणसानं हयगय करून कसं चालेल? मी ऑपरेशनची तारीख रद्द केली. ते बाबांना सांगताना मात्र मला ओरडवेना, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो तर म्हणाले, “नको आज.” त्याच्या दुसऱ्या दिवशीही नको. वरून हेडमास्तरांनी वाकून विचारलं, “आज कोडं नाही का?” घरात इतकी शांतता मला कधी नको वाटली नव्हती.

बायको ठरल्यापेक्षा आधीच परतली. फोनवर माझं बोलणं तिला पटत नव्हतं. आली ती थेट बाबांच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज एकदम हळू होता. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर मला त्या आवाजाचा अर्थ कळतो.

“पट्ट्या कुठे आहेत?”

मी फुलांची डबी पुढे केली.

“आणि मूळ डबी?”

मी माळ्याकडे बोट दाखवलं.

तिनं स्वतःचं बोट टोचलं. यंत्रात जो आकडा आला, तो पाहून मी म्हणालो, “अगं बाई, तुलाही?” मग तिनं माझं बोट धरलं आणि जरा जास्तच जोरात टोचलं. माझा आकडा असा होता की तो खरा असता तर मी बोलत उभा राहू शकलो नसतो.

“या पट्ट्यांना हवेतला ओलावा लागला की त्या वाट्टेल ते सांगतात,” ती म्हणाली. “म्हणून झाकणात दाणे असतात, ओलावा पिऊन घेणारे. गोळ्यांत असतात ते त्याचसाठी. बाबांच्या कानाचं यंत्र रात्री त्या दाण्यांत वाळतं म्हणून सकाळी चालतं. माझी पानं आम्ही त्यात वाळवतो म्हणजे ती सडत नाहीत आणि पुढे प्रयोगशाळेत कामाला येतात.” एवढं बोलून तिची नजर खिडकीतल्या ताटलीकडे गेली. “ती माझी पानं आहेत?”

“पालवी फुटलीये,” मी म्हणालो.

“बुरशी आहे ती!”

पुढचं मी गाळतो. त्यात एवढंच शिकण्यासारखं होतं, की याच दाण्यांची भुकटी काचेच्या नळीत भरून वरून पानांचा रस ओतला तर हिरवा, पिवळा असे रंग वेगवेगळे होऊन उतरतात. पांढरे दाणे विष नव्हेत, पोटात गेले तर बहुधा तसेच बाहेर येतात. निळ्यांचा रंग मात्र पोटाला चांगला नव्हे. “आणि काचेचा चुरा?” मी विचारलं. “हेडमास्तर कुठला विषय शिकवायचे?” तिनं विचारलं. इतिहास, मी म्हणालो.

त्याच दुपारी बाबांचं रक्त तपासायला दिलं. साखर उत्तम होती. उपासमारीमुळे उलट कमीकडेच झुकली होती. बाबांनी खरोखरच काही खाल्लं नव्हतं.

मी तडक इस्पितळात गेलो. खिडकीमागे एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या.

“रद्द केलेली तारीख परत मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “नव्यानं रांगेत या. बरेच महिने लागतील.”

“पण चूक झाली हो.”

“कुणाची?”

“माझी.”

“कारण काय?”

मी खिडकीत डोकं घालून हळूच सांगितलं. “ऐकू येत नाही,” बाई म्हणाल्या. मी जरा मोठ्यानं सांगितलं. माझ्या मागे भली मोठी रांग होती. ती पुढे सरकली. “काय फेकलं म्हणताय?” एका आजोबांनी विचारलं. मी वळून पुन्हा सांगितलं. मग एका बाईंनी पर्समधून औषधाची बाटली काढली, “म्हणजे ही नळकांडी काढायची नाही का?” दुसऱ्यानं विचारलं, ती बदलायची कधी. सुरक्षा सप्ताहातल्या भाषणाला मिळाले नसते एवढे श्रोते मला त्या रांगेत मिळाले. फक्त भाषण उलटं होतं. खिडकीतल्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “आमच्या आईच्या पट्ट्या मीसुद्धा छान डबीत काढून ठेवल्यात. ती मला खोटारडी म्हणते आणि मी तिला.”

त्या फोन करायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा रांगेतला एक गृहस्थ पुढे आला. त्याच्या बायकोला खोकला झाला होता आणि खोकल्यात डोळ्याचं ऑपरेशन करत नाहीत म्हणून तिची तारीख पुढे ढकलायला तो आला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “परवा आणता का वडिलांना?” त्या म्हणाल्या. मला त्या खिडकीतच हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली. त्या सकाळी बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, वर्तमानपत्र मांडीवर उघडं. बायकोनं माळ्यावरची पेटी उतरवून सगळ्या पुड्या जिथल्या तिथे पोचवल्या होत्या, माझं भाषण तेवढं मला परत दिलं होतं. मी चहा घेऊन बाबांपुढे उभा राहिलो. बरेच दिवस राहून गेलेलं आज बोलायचंच असं ठरवलं होतं.

“बाबा, माझं चुकलं.”

बाबांनी कानामागे हात नेला. “काय?”

“माझं चुकलं!”

“नीट सांगा. काय चुकलं?”

“मी तुमच्यावर खोटा आळ घेतला!” मी ओरडलो. समोरची खिडकी उघडली.

“कसला आळ?”

“साखरेचा!” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. “तुम्ही साखर खाल्ली नव्हती! एक दाणासुद्धा खाल्ला नव्हता! चूक माझी होती!”

“अहो, कळलं!” वरून हेडमास्तर. “खाल्ली नव्हती त्यांनी! आम्हा सगळ्यांना कळलं!”

“मी तर आधीपासून म्हणत होते,” समोरून काकू.

बाबांनी चहाचा घोट घेतला. मग कानामागचं बोट काढलं, आणि तिथे मला यंत्र दिसलं, नीट बसवलेलं.

“हे चालू आहे?” मी विचारलं.

“कालपासून. पोरीनं वाळवून दिलं.” ते हळूच म्हणाले. “तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच ऐकू आलं होतं मला. पण बदनामी जेवढ्या आवाजात झाली होती, तेवढ्याच आवाजात माफीही व्हायला हवी होती ना?”

खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते. बाबांनी शेजारची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

“बसा,” ते म्हणाले. “आजपासून मी वाचतो, तुम्ही सोडवा. आडवे एक.”